बाहेरचं खाणं

माझी बायको कोकिळा दिवाळीनंतर वारली. तिच्या उत्तरकार्याला, गंधमुक्तीच्या दिवशी, हिलाल सर धुळ्याहून आले होते. पंगती उठल्यावर ते माझ्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "नाना, अक्काची हिशेबाची फाईल मला द्या. मी नीट बंद करून देतो. अशी मध्येच सोडलेली बरी दिसत नाही."

मला ते आवडलं नाही. बायको माझी, घर माझं, आणि फाईल बंद करणार हे.

मी म्हटलं, "बंद कशाला करायची? मी चालवतो."

"तुम्ही?" ते म्हणाले.

वाईट हेतूने नसतील म्हणाले, पण तो शब्द मला लागला.

"शिकवून जाऊ का? तासाभराचं काम आहे."

"नको," मी म्हटलं. "इंजिन खोलून परत बसवलंय मी आयुष्यभर. एक फाईल काय."

मी जळगावला एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होतो. कोकिळा एका हायस्कूलच्या ऑफिसात क्लार्क होती. हिलाल सर त्याच शाळेत कॉम्प्युटर शिकवायचे. आमच्यापेक्षा दहाबारा वर्षांनी लहान. पुढे ते धुळ्याला गेले, देवपुरात घर बांधलं. जाण्याआधी त्यांनी कोकिळाला घरखर्चाचा हिशेब एका प्रोग्राममध्ये ठेवायला शिकवलं होतं. ना त्यात बटणं, ना चित्रं. साध्या फाईलमध्ये नोंदी लिहायच्या, मग काळ्या खिडकीत एक इंग्रजी ओळ टाइप करायची आणि एंटर दाबायचं. महिन्याची बेरीज समोर येते. ओळीच्या शेवटी आणखी थोडं जोडलं की त्याच बेरजेची रेघ निघते, वर जाणारी, खाली येणारी.

दोघांना त्याचं वेड लागलं होतं. दर एक तारखेला एकमेकांना फाईल पाठवायचे आणि फोनवर बोलत बसायचे. मी बाहेरच्या खोलीत बातम्या बघत असायचो. आतून कोकिळाचं हसणं ऐकू यायचं. चांगलं मोठ्याने हसायची. आमचा संसार चौतीस वर्षांचा, भांडणं फारशी नाहीत, पण माझ्या बोलण्यावर ती तशी कधी हसली नाही. मी एकदा विचारलं, "काय एवढं?" तर म्हणाली, "काही नाही, हिलालच्या पेट्रोलची रेघ बघा." मी बघितली. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

त्यांची एक पैज होती. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आखाजी ते आखाजी वर्ष धरायचं. वर्षभरात बाहेरच्या खाण्यावर ज्याचा खर्च जास्त, त्याने आखाजीला दुसऱ्याच्या घरी डांगर, म्हणजे खरबूज, घेऊन जायचं. हॉटेल, टपरी, पार्सल, सगळं त्यात. आमच्याकडे आखाजीला पितरांची घागर भरतात, तिच्यावर डांगर ठेवतात, म्हणून बाजारात त्या दिवसांत डांगरच डांगर असतं. हिलाल सरांना चहा-कचोरीचा नाद. दरवर्षी तेच हरायचे. दरवर्षी एसटीतून डांगर मांडीवर घेऊन धुळ्याहून जळगावला यायचे, आणि कोकिळा दारातच म्हणायची, "ये रे कचोरी!" मीही त्या डांगराच्या फोडी खाल्ल्या आहेत. गोड असायचं, हे कबूल केलं पाहिजे.

तेव्हा गंधमुक्तीच्या दिवशी मी मनात ठरवलं ते असं. फाईल मी चालवणार. आखाजीपर्यंतचं वर्ष पुरं करणार. आणि कोकिळाला जिंकवणार. हिलालने पुन्हा डांगर घेऊन माझ्या दारात यायचं, आणि या वेळी दार मी उघडायचं.

तिचा लॅपटॉप काढला. पहिले आठ दिवस काहीच जमलं नाही. एकदा चुकून वरच्या बाणाचं बटण दाबलं गेलं, आणि काळ्या खिडकीत एक ओळ आपोआप आली. पुन्हा दाबलं, दुसरी आली. कोकिळाने आधी टाइप केलेल्या ओळी होत्या त्या, शेवटची आधी. मी बाण दाबत मागे मागे गेलो. तिच्याच ओळी, तिच्याच बोटांनी लिहिलेल्या, आणि एंटर मी दाबायचं. असं मी शिकलो. आखाजी दरवर्षी वेगळ्या तारखेला येते, म्हणून ओळीतली तारीख तेवढी हाताने बदलावी लागते. मी पहिल्यांदा ती बदललीच नाही, म्हणून मागच्या वर्षाची रेघ आली. बाहेरच्या खाण्याची. सगळी तळाला लागलेली, फक्त एक छोटासा उंचवटा. पाचोऱ्याला लग्नाला गेलो होतो, गाडी चुकली, तिथे भजी खाल्ली होती. मला ती भजी आठवली.

नोंद कशी लिहायची तेही तिच्या नोंदी बघून कळलं. प्रत्येक नोंदीला दोन बाजू. पैसा कुठून निघाला आणि कुठे गेला. 'रोख:डबा' म्हणजे स्वयंपाकघरातला स्टीलचा डबा. 'खर्च:दूध', 'खर्च:भाजीपाला', 'खर्च:बाहेरचं खाणं'. मध्ये मध्ये अशा ओळी होत्या, ज्यांच्या सुरुवातीला अर्धविराम. त्या प्रोग्राम वाचत नाही, सोडून देतो. त्या माणसाने वाचायच्या. आणि माणूस म्हणजे हिलाल.

"हिलाल, हसू नको. एवढे आंबे नानांनी आणले."

"हिलाल, हा पंखा नानांनी दुरुस्त केला, नंतर नवा घेतला. हा त्याचा खर्च."

सगळीकडे मी होतो. पण मला उद्देशून एक ओळ नव्हती. माझ्याबद्दलच्या गमती, आणि त्या त्याला सांगितलेल्या. मी लॅपटॉप मिटून ठेवला आणि दोन दिवस हात लावला नाही.

आता अडचण अशी होती की मला स्वयंपाक येत नाही. खिचडी येते, ती किती दिवस खाणार? सकाळी कोपऱ्यावरच्या टपरीवर पोहे, रात्री रस्त्यापलीकडच्या हॉटेलात शेवभाजी. शेजारच्या भागाबाई ओट्यावरून बघायच्या.

"नाना, जेवण व्हयनं का? का आजबी शेवभाजीच?"

"आज पार्सल आणलंय."

"म्हन्जे शेवभाजीच! कोकिळाले मनमां काय वाटी?"

मुलगी मेघा नाशिकला असते. ती फोनवर म्हणायची, डबा लावा. मी म्हणायचो, लावतो.

हे सगळं बाहेरचं खाणं खरं लिहिलं तर आपण हरणार, हे मला पहिल्या महिन्यातच दिसलं. म्हणून मी ते लिहिलंच नाही. दूध, किराणा, वीज, औषध, एवढंच लिहीत गेलो. आखाजीच्या आठवड्यात रेघ काढायला बसलो, तर प्रोग्रामने नकार दिला. लाल अक्षरांत ओळ आणि तारीख. कोकिळाने ठेवलेली पद्धत आडवी आली होती. दर एक तारखेला ती डब्यातले पैसे हाताने मोजायची आणि फाईलमध्ये लिहायची, की आज डब्यात एवढे आहेत. मीही तिचं बघून तसंच लिहीत आलो होतो. नोंदींप्रमाणे डब्यात जितके असायला हवे होते, त्यापेक्षा खरे फार कमी होते. प्रोग्राम म्हणत होता, मेळ बसत नाही, पुढे जाणार नाही.

वर्कशॉपात हवालदिल झालेला माणूस करतो तेच मी केलं. जुगाड. जेवढे पैसे कमी पडत होते ते सगळे महिन्यामहिन्याने भाजीपाल्यात टाकले. मेळ बसला. रेघ निघाली, तळाला लागलेली, सरळ. कोकिळा जिंकली. मी त्या दिवशी टपरीवर दोन प्लेट पोहे खाल्ले आणि तेही भाजीपाल्यात लिहिले.

हिलालला फोन करायचा म्हणून फाईल एकदा वरून खाली बघत होतो. तीन वर्षांपूर्वीच्या श्रावणात जिलेबीची एक नोंद होती, 'बाहेरचं खाणं' मध्ये. खाली अर्धविराम आणि ओळ:

"हिलाल, ही जिलेबी मी आधी किराण्यात घातली होती. तू हसशील म्हणून. मग रात्री झोप लागेना. काढून इथे लिहिली. हस आता."

मला आठवलं. ती रात्री उठून लॅपटॉप उघडून बसली होती. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, काही नाही, झोपा.

पाव किलो जिलेबी. आणि त्या पाव किलोसाठी ती त्याच्याशी खोटं वागली नाही. मला राग आला, त्याचा की तिचा सांगता येत नाही. त्याला खरं सांगायला ती रात्री उठली, आणि मला म्हणाली झोपा. पण राग आला तरी एक गोष्ट उरतच होती. फाईल तिच्या नावाची, आणि तिच्या नावाने मी खोटं डांगर मागायला निघालो होतो.

त्या दुपारी सगळं भाजीपाल्यातून काढलं. ज्याचं त्याला लिहिलं. रेघ काढली. दिवाळीपर्यंत तळाला, आणि तिथून उभी भिंत.

आखाजीला सकाळी घागर भरली. भागाबाईंनी पुरणपोळी आणून दिली, तिचा घास पितरांच्या नावाने विस्तवावर ठेवून आगारी टाकली. बाजारातून दोन डांगरं आणली होती. एक घागरीवर ठेवलं. दुसरं पिशवीत घातलं, दुसऱ्या पिशवीत लॅपटॉप, आणि धुळ्याची एसटी धरली. एरंडोलपर्यंत उभा होतो. डांगर जड असतं हे मला आधी कधी कळलं नव्हतं.

हिलाल सरांनी दार उघडलं. बनियनवर होते.

"नाना! अहो फोन तरी करायचा. मी आलो असतो न्यायला."

"डांगर द्यायला आलोय," मी म्हटलं.

ते डांगराकडे बघत राहिले. त्यांच्या बायकोने, सुलक्षणाने, आतून येऊन ते हातातून घेतलं. "एवढी वर्षं आमच्या घरातून बाहेरच जात होतं," ती म्हणाली. "आज पहिल्यांदा आत आलं. बसा नाना, कापते."

"अक्का हरली?" हिलाल सर म्हणाले.

"कोकिळा नाही हरली. मी हरलो. बघा."

लॅपटॉप उघडला, बाण दाबला, एंटर दाबलं. मुद्दाम त्यांच्यासमोर सगळं मी केलं. त्यांना हात लावू दिला नाही. रेघ आली. ते पुढे वाकले. भिंत बघून हसायला लागले, मग तोंडावर हात ठेवला.

"काय खाता एवढं?"

"शेवभाजी."

"रोज?"

"रविवारी पार्सल."

पुन्हा हसले आणि चष्मा काढून पुसत बसले. मी वाट बघितली. मग म्हटलं, "आता तुमची काढा."

"राहू द्या नाना. आधी चहा घ्या."

"चहा नको. रेघ काढा. जळगावहून आलोय मी."

त्यांनी कॉम्प्युटर लावला. नाइलाजाने. रेघ आली, चांगली कचोरीसारखी फुगलेली, आणि दिवाळीनंतर एकदम काहीच नाही. शून्यही नाही. तुटलेली.

"हे काय?"

"लिहिलंच नाही," ते म्हणाले. "एक तारीख आली, फाईल उघडली. पाठवायची कुणाला? मग उघडलीच नाही."

खरं सांगायचं तर मला तेही आवडलं नाही. दुःख माझं होतं. मी रोज उठून नोंदी केल्या, डबा मोजला, तिच्या ओळींवरून बोट फिरवत शिकलो. आणि याने काहीही न करता, नुसतं थांबून, माझ्याइतकंच दाखवलं. त्यातही याचा वाटा.

"न लिहिणाऱ्याचं काय ठरलं होतं?" मी विचारलं.

ते तुटलेल्या रेघेकडे बघत म्हणाले, "अक्का म्हणायची, जो लिहीत नाही तो आधीच हरला."

"मग तू हरलास."

"हरलो."

"मग डांगर कुणाचं?"

सुलक्षणा तेवढ्यात ताट घेऊन आली. फोडी केलेल्या होत्या, वर साखर. हिलालने ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "कापलं की नाना आता. पुढच्या वर्षी दोन आणतो."

"पुढच्या वर्षी हिशेबाने आणशील. आजपासून लिही. एक तारखेला मला पाठव."

"तुम्हाला?"

"मग कुणाला?"

त्याने मान हलवली. मोठी फोड मी घेतली. गोड नव्हतं डांगर. दोघांनी खाल्लं.

निघताना मी लॅपटॉप पुन्हा उघडला. नव्या वर्षाची पहिली नोंद करायची होती. 'रोख:डबा' मधून डांगराचे पैसे. दुसरी बाजू 'किराणा' लिहायला लागलो, तर हिलालने मागून बघितलं.

"किराणा कसं? धुळ्यात येऊन खाल्लंत. बाहेरचं खाणं झालं ते."

"मग तुलाही बाहेरचंच लागेल."

"मला कसं? मी माझ्या घरात खाल्लं. आणि फुकट."

सुलक्षणा हसली. तो हसला. मी किराणा खोडून 'बाहेरचं खाणं' लिहिलं. पहिल्याच दिवशी मागे पडलो.

परतीच्या एसटीत पारोळ्याजवळ बसायला जागा मिळाली. मांडीवर लॅपटॉप उघडून त्या नोंदीखाली अर्धविराम दिला आणि लिहिलं, "कोकिळा, हे त्याने लिहायला लावलं. हस आता."

एक तारखेला हिलालला फाईल पाठवली. पाठवण्याआधी ती ओळ तेवढी काढून ठेवली. ती त्याच्यासाठी नव्हती.