जानकीबाईंचे सात अर्धे लेख

मित्रांनो, हसू नका, पण मी एक जुनी फीड आहे. मला हात नाहीत, पाय नाहीत, आणि संगणकाचा डबा उघडून बघाल तर मी सापडायचीही नाही. कुणी ब्लॉगवर काही लिहिलं की ते उचलायचं आणि वाचणाऱ्याच्या संगणकात नेऊन ठेवायचं, एवढंच माझं काम. घरोघर पेपर टाकणारा माणूस असतो ना, तसंच. फरक इतकाच की पेपरवाला काम संपलं की आपल्या घरी जातो. मी मात्र गेली कित्येक वर्षं बपेऱ्याच्या एका दुकानात, बियाण्यांच्या पोत्यांमागे, चादरीखाली झाकलेल्या संगणकात अडकून पडले आहे. वर्षातून एकदा ती चादर निघते. ते सांगेनच, पण आधी पहिल्यापासून ऐका, आणि मध्येच उठून जाऊ नका. अर्ध्यावर सोडून जाणाऱ्यांचा मला फार राग येतो, आणि त्याला कारण आहे.

माझा जन्म २००८ सालचा, भंडाऱ्याचा. अश्विन नावाचा तरुण बस स्टँडजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात टायपिंग करायचा. घर आंधळगावला, कोसा म्हणजे टसर रेशीम विणणाऱ्यांचं. वडील नव्हते. आई जानकीबाई साठीच्या पुढची, पण अजून जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून मागावर बसायची. जन्मभर मागाची खटखट ऐकून तिचे कान गेले होते. जवळ जाऊन मोठ्यानं बोललं तर ऐकू यायचं, फोनवर मात्र एक अक्षर नाही. आणि थोरली मुलगी चंद्रकला दिली होती बपेऱ्याला, थेट मध्य प्रदेशच्या वेशीवर. एसटी बदलत माहेरी जायचं म्हणजे सबंध दिवस मोडायचा. वर्षातून दोनदा माहेर, बस.

मायलेकींचं बोलणं असं तुटलं होतं, म्हणून अश्विनने ब्लॉग काढला. रविवारी तो आंधळगावला जायचा, आई बोलेल ते वहीत उतरवायचा आणि सोमवारी दुकानात बसून टाइप करायचा. पहिल्या दिवशी जानकीबाई म्हणाली होती, "मले काय येते जगाले सांगाले?"

"जगाले नको सांगू," अश्विन तिच्या कानाशी म्हणाला, "ताईले सांग."

मग ती जी बोलायला लागली, ती थांबेचना.

माझं दुसरं टोक बपेऱ्याला. चंद्रकलाचा नवरा खेमराज याचं तिथं खत-बियाण्यांचं दुकान. त्यानं तुमसरहून एक जुना संगणक आणला होता. इंटरनेट यायचं फोनच्या लाइनवरून, तेही आलं तर आलं. ब्लॉगचं पान उघडायला गेलं की अश्विनने लावलेले फोटो डोक्यापासून कमरेपर्यंत दिसायचे आणि लाइन तुटायची. मी मात्र हलकी, माझ्याकडे नुसती अक्षरं. दोन मिनिटं लाइन मिळाली तरी मी आख्खा लेख पोचवायचे. मग लाइन गेली तर जाऊ दे, चंद्रकला दुपारी दुकानात निवांत बसून वाचायची. मोठ्यानं वाचायची, आईच्या हेलात. एकदा वाचता वाचता थांबून म्हणाली, "असं वाटते का माय मागावर बसूनच बोलून राहिली." मित्रांनो, माझी तेवढी स्तुती पुन्हा कुणी केली नाही.

जानकीबाईची सांगायची एक रीत होती. कुठलंही काम सांगताना सगळं सांगून झालं की सर्वांत शेवटी ती भांडं सांगायची. कोशे कशात उकळायचे, सूत कशात भिजवायचं, हे अगदी शेवटी. तिच्या सासूनं तिला तसंच शिकवलं होतं. "जो अर्ध्यात उठून गेला, त्याले कोसा जमत नाही," असं ती म्हणायची. जो बसून राहील त्यालाच शेवटची गोष्ट मिळायची. मला ही रीत फार आवडायची, कारण मी तर नेहमी शेवटपर्यंत असायचे.

वर्षभर असं सुखाचं चाललं. मग अश्विनच्या दुकानात त्याच्याच बरोबरीचा कमलेश होता, त्यानं एक दिवस पडद्याकडे बोट दाखवलं.

"पुरा लेख घरपोच देऊन राहिला तू. मंग तुया पानावर कोण येईन? कायले येईन?"

कमलेश वाईट नव्हता, आणि त्याचं म्हणणंही अगदीच खोटं नव्हतं. कुण्या एका साइटनं माझ्यातूनच जानकीबाईचे लेख उचलून आपल्या पानावर लावले होते, वर तिचं नावही काढून टाकलं होतं. दुसरं म्हणजे नागपूरला हातमागाचं प्रदर्शन भरणार होतं. तिथल्या लोकांनी अश्विनला विचारलं होतं, तुमचा ब्लॉग किती जण बघतात? अश्विनला वाटायचं, आईला एकदा तरी तिथं खुर्चीवर बसवावं, लोकांनी तिचं नाव घ्यावं. पण माझ्यातून वाचणारा माणूस पानावर येत नाही, त्यामुळे पानावरचा आकडा हलत नव्हता.

"वरच्या चार ओळी दे," कमलेश म्हणाला. "बाकी झाकून ठेव. ज्याले वाचाचं असन तो येईन."

अश्विनने एक बटण दाबलं. झालं. आख्खा लेख पोटात मावायचा माझ्या, पण माझा गळाच आवळला. लेख समोर दिसायचा, पण चार ओळींच्या पुढे मला हातच घालता येईना. शेवटी 'पुढे वाचा' एवढी पाटी लावायची आणि निघायचं. भंडाऱ्याला आकडा खरंच वाढू लागला. अश्विन खूश होता. आणि मी बपेऱ्याला अर्धी भाकर वाढणाऱ्या सासूसारखी तोंड वर करून उभी राहायचे.

चंद्रकलानं त्याला फोन केला. "अश्विन, अर्धंच येऊन राहिलं रे."

"ताई, खाली 'पुढे वाचा' आहे ना, त्याच्यावर क्लिक कर."

"केलं. नुसतं चाक फिरते."

"तू आली का दाखवतो पुरं. पान कुठी पळून जाते का?"

असे सहा लेख अर्धे आले. एक कोशे निवडण्याचा, एक मागाचा धोटा दुरुस्त करण्याचा. तिसरा तर चंद्रकलाच्या लहानपणाचा होता, तोही ऐन बोलण्यात तुटला. तिनं तो चार वेळा वाचला आणि चार वेळा त्या पाटीवर क्लिक केलं.

सातवा लेख होळीच्या आठ दिवस आधी आला. तो पळसाच्या फुलांनी कोसा रंगवण्याचा होता, आणि त्याची चंद्रकला जिवापाड वाट बघत होती. कारण जानकीबाईची नजर आता जात चालली होती. संक्रांतीला तिनं स्वतः मांडीवर ओढलेल्या कोशाच्या सुताच्या चार लड्या अश्विनबरोबर पाठवल्या होत्या. निरोप होता, "हे मायं शेवटचं सूत. तू रंगवून दे, मी तुयासाठी लुगडं विणून देईन." लहानपणापासून चंद्रकलानं मागासाठी नुसत्या सुताच्या कांड्या भरल्या होत्या. रंगाच्या कामाला तिला कधी हात लावू दिला नव्हता. आता आई स्वतः म्हणत होती, रंगवून दे.

लेख आला. फुलं किती, पाणी किती, रात्रभर भिजवून मग उकळायची, गाळून त्यात सूत सोडायचं. आणि तिथंच माझा गळा आवळला गेला.

चंद्रकलाला माहीत होतं, पुढे काहीतरी आहे. तीन दिवस ती लाइन लावत राहिली. पान उघडेना. अश्विन नागपूरला प्रदर्शनाच्या कामाला गेलेला, त्याचा मोबाइल लागेना. आणि आईला फोनवर ऐकू येत नाही. इकडे आणलेली फुलं टोपलीत काळवंडत होती आणि झाडाखालचीही संपत आली होती.

खेमराज म्हणाला, "काय असन त्यात? तुया मायच्या गोष्टी असतीन. तुले कृती तर भेटली ना?"

तिनं शेजारून महाप्रसादाची मोठी लोखंडी कढई आणली. मी पडद्यावर उघडीच होते. मित्रांनो, कढईचा आवाज आला तसं मला कळलं, की भांडं अजून सांगितलेलं नाही. जानकीबाईची रीत मला ठाऊक होती. पण मला तोंड कुठं आहे? आणि तोंड असतं तरी पुढची ओळ माझ्याकडे नव्हती. मी जन्मात इतकी कोंडली गेले नव्हते.

पिवळंधमक व्हायचं ते सूत काळपट, हिरवट, चिखलाच्या रंगाचं निघालं. चंद्रकलानं ते तीन वेळा धुतलं. मग दुकानात आणून माझ्यामागच्या एका पोत्यात लपवलं आणि तिथंच बसून रडली.

होळीनंतर अश्विन आईला घेऊन सूत न्यायला बपेऱ्याला आला. लड्या पोत्यातून काढाव्याच लागल्या. जानकीबाईनं त्या डोळ्यांजवळ नेल्या, बोटांत चुरल्या, वास घेतला.

"कढई लोखंडाची होती?"

"हो, माय," चंद्रकला तिच्या कानाशी म्हणाली.

"तुरटीत नाही भिजवलं. अन् भांडं म्हणून पितळेचा गंज घ्यायचा होता. शेवटी सांगितलं होतं मी. पुरं ऐकलं काहून नाही?"

"शेवटचं आलंच नाही, माय. अर्धंच आलं."

जानकीबाई अश्विनकडे वळली. तिला फीड म्हणजे काय, आकडा म्हणजे काय, यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"मी तर पुरं सांगितलं होतं. बाकीचं कोठी ठेवलं तू?"

अश्विन भंडाऱ्यात पितळेच्या भांड्यांच्या दुकानांवरून रोज चालत कामाला जायचा, आणि त्या एका गंजाची ओळ त्यानंच झाकून ठेवली होती. त्याला प्रदर्शनाचं सांगायचं होतं, पण त्यानं सांगितलं नाही.

"जाऊ दे," जानकीबाई म्हणाली. "सूत तर मायाच हातचं आहे." त्या चिखलाच्या रंगाच्या सुताचंच तिनं लुगडं विणलं.

भंडाऱ्याला परतल्यावर अश्विनने ते बटण पुन्हा फिरवलं आणि माझा गळा मोकळा झाला. पुढचे नऊ लेख मी पुरते पोचवले, शेवटच्या शब्दापर्यंत. मागचे सात मात्र अर्धेच राहिले, कारण एकदा टाकलेलं मी पुन्हा उचलत नाही. श्रावणात जानकीबाई गेली. प्रदर्शन झालं दिवाळीनंतर.

आईच्या तेराव्याला अश्विन म्हणाला, "ताई, ते सात लेख छापून आणून देऊ? आता तरी वाच."

चंद्रकला म्हणाली, "राहू दे. मायचं अजून काही सांगणं बाकी आहे, असं वाटते. पुरं वाचून टाकलं का संपलं."

मला ते पटलं होतं, मित्रांनो. खोटं कशाला बोलू? मलाही वाटलं, पान कुठं पळून जातं? पण पानं पळून जातात. अश्विनने ते दुकान सोडलं, नवी नोकरी धरली, आईचं पान उघडायचं धाडस त्याला होईना. ज्या कंपनीनं ब्लॉगला जागा दिली होती, तिनं एक दिवस गाशा गुंडाळला. त्याची सूचना अश्विनच्या जुन्या पत्त्यावर आली आणि तिथंच पडून राहिली. तो बघायला गेला तेव्हा काही नव्हतं. वहीही कधीच रद्दीत गेली होती, कारण टाइप झाल्यावर वही कोण ठेवतो?

आता जगात जानकीबाईचं जेवढं बोलणं उरलं आहे, ते माझ्याकडे, या पोत्यांमागे आहे. पुरतं दिलं होतं ते सगळं आहे. झाकून ठेवलं होतं तेवढंच गेलं. भंडाऱ्याचं माझं टोक तुटलं. मी अजून हाक मारते, उत्तर येत नाही. आणि इथून मला बाहेरही पडता येत नाही.

दर वर्षी पळस फुलला की चंद्रकला ते चिखलाच्या रंगाचं लुगडं नेसते, चादर काढते आणि संगणक सुरू करते. पुरते लेख वाचते. मग त्या तिसऱ्या अर्ध्या लेखाशी येते. जानकीबाई सांगते आहे:

"चंद्रकला दीड वर्षाची होती. रांगत आली अन् मागाच्या खड्ड्यात पडली. मी माग थांबवला, तिले मांडीवर घेतलं अन् तिच्या कानात म्हटलं का पोरी,"

पुढे वाचा.

अश्विनला तिनं कितीदा विचारलं. त्यानंच ते लिहून घेतलं होतं, त्यानंच टाइप केलं होतं. त्याला आठवत नाही. एवढ्या ओळींत ती एक ओळ, कसं ध्यानात राहील?

गेल्या वर्षी ती खेमराजला म्हणाली, "काय म्हटलं असन हो मायनं?"

"काय असन त्यात" म्हणणाऱ्या खेमराजनं या वेळी तिच्यासाठी स्टूल पुढे ओढलं.

मित्रांनो, तुमच्याकडे कुणाचं काही सांगायचं असेल, तर ते पुरतं पोचवा. आणि ऐकणारा बसला असेल, तर वेळेवर ऐकून घ्या. माझं म्हणणं इतकंच. चंद्रकलानं आताही त्या पाटीवर बोट ठेवलं आहे, आणि चाक फिरतं आहे.