आनंदाबाईची जागा

आमच्या तलावाच्या काठावर ग्रामपंचायतीनं बोर्ड लावला आहे. वल्हं मारणाऱ्यासगट एका नावेत चारच जण, जॅकेट घातल्याबिगर बसायचं नाई, दारू पिऊन तं बिलकुल नाई. या नियमांच्या वरचा एक नियम आहे, तो कुठी लिहिला नाई. चौघांच्या नावेत तिघंच बसवायचे. चौथी जागा आनंदाबाईची.

धरणाचं पाणी चढलं तवा माह्या सासऱ्यानं जुन्या गावातून शेवटची खेप काढली. नाव गच्च भरलती. आनंदाबाई एकटी ओट्यावर उभी होती. सासरा म्हणे, "थांब बाई, दुसऱ्या खेपेले नेतो तुले." दुसरी खेप झालीच नाई. तवापासून नाव त्या बुडालेल्या गावावरून गेली का मागची रिकामी फळी जराशी दबते. काठाले लागलं का म्हणायचं, "उतरा, आनंदाबाई." मंग नाव हलकी होते. आष्टीचा बाजार करून बाई आपली आपण परत जाते म्हणतात. शहरातले लोक आयकून हासतात. हासा बापा, माह्या घरचं काय जाते! नवरा गेल्यापासून वल्हं माह्या हातात आहे, तुमच्या नाई.

परवा दुपारी माही छाया आली, पिपरी मेघेहून, जवायासंगं. लग्नाले नऊ वर्षं झाली, पोटी लेकरू नाई. दवाखाने झाले, नवस झाले, सासरचे टोमणे झाले. म्हणे, "आई, नावेतून फिरव नं." मी वल्ह्यावर बसली, ते दोघं समोर, मागची फळी मोकळी. सारं नियमानं.

तलावाच्या मधात आलो. ऊन रणरणत होतं, वाऱ्याचं नाव नाई, वल्ह्याचा आवाजही कसा दबका येऊन राह्यलता. खाली जुनं गाव. छायानं माहा हात धरला.

"आई, मले दोन महिने झाले. तिसरा सरेपर्यंत कोणाले सांगू नोको म्हणतात. पण तुले नाई सांगू तं कोणाले सांगू?"

डोळ्याले पाणीच आलं माह्या. अन् त्याच दमात अंग गार पडलं. नावेत चार जीव झालते. मी मागं पाह्यलं. फळी काई दबली नाई. नाव दबली ते छाया बसलती त्या बाजूले.

"अवं पोट्टे, हे काठावर सांगायले काय झालतं तुले!" मी खेकसलीच.

"काऊन चिडून राह्यली तू? चांगली गोष्ट सांगतली नं मी!" तिचं तोंड एवढंसं झालं.

काठाले लागलो. "उतरा, आनंदाबाई." नाव तशीच जड. तीनदा म्हटलं. मंग छाया उतरली, अन् नाव अशी वर उसळली का जवाई पडता पडता वाचले.

छाया पोटावर हात ठेवून हासून राह्यली. "आई, लाथ मारली वं आतून!"

"गॅस असन," जवाई म्हणे.

दोन महिन्याचं लेकरू लाथ मारत नाई. तीन बाळंतपणं काढली मी, मले नोका शिकवू.

"आदेशराव, तुम्ही इथीच थांबा," जवायाले म्हटलं, अन् पोरीले दंडाले धरून परत नावेत बसवली. वल्हं धड पडत नव्हतं. बाई जिथून बसते त्या जुन्या गावावर आली अन् थांबली. छाया दोन्ही हातांनी पोट धरून बसलती, पाण्यात पाहत.

उतरा म्हणायचं, एवढंच काम होतं. शब्द ओठावर आला अन् जीभ अडली. त्या पोटात दोघं होते. बाई उतरन का लेकरू उतरन, हे मले कोण सांगन? नऊ वर्षं वाट पाहून आलेला जीव, माह्याच एका शब्दानं पाण्यात गेला तं? भेव लागलं हो मले. आयुष्यात एवढं भेव कधी लागलं नाई.

"आई, काय झालं? बोल नं काई," छाया म्हणे.

"काई नाई माय," म्हटलं, अन् नाव वळवली. काठाले लागलो तरी मी 'उतरा' म्हटलं नाई. तिले हात दिला, अन् सांभाळून खाली उतरवून घेतलं.