पायरी उतरल्यावर

पडद्यांच्या कापडाच्या दुकानात बाबांनी एकतीस वर्षं काढली होती, आणि तेवढ्या वर्षांत एक गोष्ट त्यांच्या डोक्यात पक्की बसली होती: गिऱ्हाईक बोलतं तोंडाने, पण भाव ठरतो पायांनी. काउंटरवर कुणी कितीही घासाघीस करो, बाबा बधायचे नाहीत. गिऱ्हाईक पाठ फिरवून दाराकडे निघालं, तरी बाबा गप्प. दाराबाहेर तीन पायऱ्या होत्या. ते पहिली पायरी उतरलं, की मग बाबा ताग्यावरचा हात न उचलता हाक घालायचे, "अहो, या इकडे! तुमचंही राहू द्या, माझंही राहू द्या." शंभरातले नव्वद परत यायचे. आणि स्वतः कुठे खरेदीला गेले, तर बाबाही तसेच पायरी उतरायचे. त्यांना मागून हाक आली नाही, असं कधी झालं नव्हतं.

लेक याच काउंटरवर मोठी झाली. शाळा सुटली की दप्तर ताग्यांमागे टाकायची. बाबा तिच्या हातात मोजपट्टी द्यायचे. "पाव मीटर दाखव. आता अर्धा. आता पाऊण." ती चुकली तरी आवाज चढायचा नाही. पट्टी पुन्हा शून्यावर ठेवून म्हणायचे, "सावकाश. कापड पळून जात नाही." सात वर्षांची असताना तिला पावकीचा पाढा असा घडाघडा यायला लागला, की दुकानाच्या मालकांनी तिचं नावच पावकी ठेवलं, आणि ते घरापर्यंत येऊन चिकटलं.

आता पावकी तेवीस वर्षांची होती आणि तिच्यासमोर टेबलावर दोन पत्रं होती. दोन्ही फायनान्सच्या पदव्युत्तर प्रवेशाची. एक मोठ्या संस्थेचं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून तिने जिचा ध्यास घेतला होता, ती. विम्याचा हप्ता, कर्जाचा दर, उद्याच्या धोक्याची आजची किंमत कशी काढतात, हे तिथे जसं शिकवतात तसं कुठेच नाही, असं ती सांगायची, आणि सांगताना तिचे हात मोजपट्टी धरल्यासारखे हलायचे. पण तिथे पूर्ण फी होती. दुसरं पत्र घराजवळच्या लहान कॉलेजचं. त्यांनी निम्मी फी माफ केली होती.

तिच्या पुढच्या वर्गातल्या मैत्रिणीने तिला वाट दाखवली. "लहान कॉलेजचं पत्र जोड आणि मोठ्यांना लिही. नम्रपणे. म्हणावं, मला तुमच्याकडेच यायचंय, पण इथे निम्मी माफी मिळतेय, तुम्हाला काही करता येईल का? खूप जण करतात. पण आधी डिपॉझिट भर आणि जागा धरून ठेव."

पावकीने पत्र लिहिलं. तीन दिवसांनी उत्तर आलं. विनंती समितीपुढे ठेवली आहे. दरम्यान शुक्रवार संध्याकाळपर्यंत डिपॉझिट भरून जागा निश्चित करावी. महिनाभरात विचार बदलल्यास ती रक्कम परत मिळेल.

"भरू नकोस," बाबा म्हणाले.

"अहो बाबा, परत मिळतंय ते."

"अगं, मी रोज पन्नास जणांना सांगतो, घेऊन जा, नाही आवडलं तर परत आणा. किती आणतात? घरी गेलेलं कापड परत येत नाही, हे दुकानदाराला माहीत असतं. आणि एकदा पैसे हातात पडले, की भाव कमी करायला त्याला काय वेड लागलंय?"

"ते दुकान नाहीये, बाबा."

"फी घेतात ना? मग दुकानच. बोर्ड मोठा, एवढंच."

आई आतून म्हणाली, "अहो, तिला कळतं त्यातलं. तुम्ही पडद्यांचं बघा."

"पडदे विकूनच तिला कळण्याइतकं शिकवलंय," बाबा म्हणाले, आणि तिघंही हसली. मग ते लेकीशेजारी बसले, अगदी पूर्वीसारखे. "हे बघ पावके. त्यांना तू हवी आहेस, म्हणून पत्र आलं. आता लिही, निम्मी फी माफ होणार नसेल तर मी दुसरीकडे जाते. आणि थांब. पायरी उतर. हाक येते."

तिने लॅपटॉपवरचं डिपॉझिटचं पान बंद केलं. मग तिने लिहिलं. बाबांनी शब्दन् शब्द वाचला आणि एका ठिकाणचा 'कृपया' काढायला लावला.

शुक्रवारी दुकानात बाबांच्या अंगात वारं शिरलं होतं. मालकांना सांगून झालं, शेजारच्या शिंप्याला सांगून झालं, एका अनोळखी गिऱ्हाइकालाही तागा उलगडता उलगडता सांगून झालं. "आज मोठ्या संस्थेशी सौदा लागलाय. बघा, संध्याकाळपर्यंत हाक येणार!" संध्याकाळी हाक आली नाही. "उद्या," बाबा म्हणाले. शनिवारी त्यांनी घरात पाऊल टाकताच विचारलं. पावकी कपड्यांच्या घड्या घालत होती. "काही नाही आलं," ती म्हणाली.

सोमवारी दुपारी बाबांचा फोन वाजला. अर्जावर पालक म्हणून त्यांचाच नंबर होता. मोठ्या संस्थेच्या ऑफिसातल्या बाई बोलत होत्या.

बाबांनी मालकांकडे बघून डोळे मिचकावले. "बोला मॅडम."

"तुमच्या मुलीची फाइल बंद करतोय. मूळ गुणपत्रिका कुठे पाठवायच्या, तेवढं विचारायचं होतं."

"बंद? अहो, आमचं बोलणं चालू आहे. निम्म्या फीचं."

बाई म्हणाल्या, "ते समितीने गुरुवारीच मंजूर केलं होतं. निम्मी माफी. पण ते पत्र जागा निश्चित केल्यावरच पाठवतो आम्ही. शुक्रवारी डिपॉझिट आलं नाही, तेव्हा प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या मुलाला जागा दिली. शनिवारी तसं कळवलं पण होतं हो."

बाबांनी पत्ता सांगितला. पिन कोड सांगताना दोनदा चुकले.

भर दुपारी बाबांना दारात बघून आई घाबरली. ते सरळ पावकीच्या खोलीत गेले. ती टेबलाशी बसून लहान कॉलेजचा अर्ज भरत होती. बाबा उभ्याउभ्याच बोलले. काही लपवलं नाही, सावरून घेतलं नाही. "मंजूर झालं होतं, पावके. गुरुवारीच. मी नको म्हटलं नसतं तर..."

"माहितेय," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"शनिवारी सकाळी मेल आली. मग मीच फोन करून विचारलं. त्यांनी सगळं सांगितलं."

"मग मला का बोलली नाहीस?"

तिने पेनाला टोपण लावलं, पुन्हा काढलं. "तुम्ही मालकांना सांगितलं होतं. शिंपीकाकांना सांगितलं होतं."

बाबा खाटेच्या कडेला बसले. "मी उद्या जातो तिथे. हात जोडतो. सांगतो, चूक बापाची आहे, पोरीची नाही."

"मेल मीच पाठवली होती ना. आणि जागा गेली, बाबा. कुणाला तरी मिळाली. आता त्याला उठवायचं का?"

आई दारात उभी होती.

पावकीने डोळे पुसले आणि अर्ज बाबांसमोर सरकवला. "इथे पालकांची सही लागते. आजच द्यायचाय. त्यांचीही शेवटची तारीख आहे."

बाबांनी पेन घेतलं. एकतीस वर्षं ज्या हाताने कात्री सरळ रेषेत चालवली होती, त्या हाताचं पहिलंच अक्षर चौकटीबाहेर गेलं.

पावकीने एक हात त्यांच्या मनगटाखाली धरला, लहानपणी ते तिचा धरायचे तसा.

"सावकाश," ती म्हणाली.

बाबा थांबले. पुढचं कापडाचं वाक्य दोघांनाही पाठ होतं. तिने ते म्हटलं नाही, आणि बाबांनी सही केली.