तिरकी पट्टी

इंजिन पेटलं तरी भाजीचा भाव सांगितल्यासारखं बोलायचं, हे मास्तरणीने आजवर किती पोरापोरींना शिकवलं, त्याला गणती नाही. विमानतळाच्या रडारच्या खोलीत तिला मास्तरीण सोडून दुसऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. आवाज चढला की वैमानिक घाबरतो आणि वैमानिक घाबरला की चुकतो, म्हणून आवाज सपाट ठेवायचा. तिची सगळ्यात लाडकी चेली पहिल्या दिवशी माइकवर इतकी चिवचिवली होती, की तिचं नाव चिमणीच पडलं. त्या चिमणीला मास्तरणीने घासूनपुसून सपाट केलं, विमानं उतरवणाऱ्या मनोऱ्यातून रडारवर आणलं, शिकवणारी केलं. आता चिमणी परीक्षक झाली होती. आणि आज परीक्षा होती ती मास्तरणीचीच!

झालं होतं असं, की मास्तरणीचा नवरा गेला. गाडी घेऊन कामाला म्हणून परगावी निघाला आणि वाटेत पेट्रोलपंपावर बसल्या जागी गेला. मास्तरीण बरेच महिने खुर्चीवर बसली नाही. या धंद्यात खुर्ची सुटली की परवानगी सुटते. परत मिळवायची तर शिकाऊ पोरांसारखं बसावं लागतं आणि दुसरा हेडसेट लावून परीक्षक मागे बसतो. नाही जमलं, तर जन्मभर ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या पाळ्या लावायच्या.

लोक म्हणायचे, किती सावरलीय बघा! सावरलीय कसली, डोंबल! रडायचंच राहिलं होतं तिचं. सकाळी उठायची, भांडी घासायची, सासूबाईंच्या गोळ्या काढून द्यायची आणि सांत्वनाला आलेल्यांना त्याच सपाट आवाजात "बसा" म्हणायची. आत हात घालून बघावं तर काही लागतच नव्हतं. तिला वाटायचं, खुर्ची मिळाली की निदान हात तरी कामाला लागतील. तेवढंच तिला हवं होतं.

"बाई, सुरू करू या?" चिमणीने मागून विचारलं. घाम परीक्षकालाच फुटला होता.

"कर," मास्तरीण म्हणाली.

आणि काय सांगावं, हात विसरले नव्हते! समोरच्या फळीवर प्रत्येक विमानाची एक पट्टी. एखाद्याला "खाली ये" सांगितलं की त्याची पट्टी बोटाने तिरकी करायची. वैमानिकाने तेच शब्द उलट म्हणून दाखवले, की सरळ. उत्तर आलं नाही तोवर पट्टी तिरकी, हा मास्तरणीचाच धडा. सांगितलं म्हणजे ऐकलं असं नाही, हे ती पोरांना उठता बसता ऐकवायची. आज एकामागून एक पट्ट्या तिरक्या होत होत्या, सरळ होत होत्या. विमानं मुकाट्याने रांगेला लागत होती. चिमणीचा जीव भांड्यात पडला.

मग जरा सवड मिळाली. फळीवर एकच पट्टी तिरकी उरली होती.

"बाई, हे उतरलं ना?"

"उतरलं."

"मग पट्टी अजून तिरकी कशी?"

"राहिलंय काहीतरी."

"काय राहिलंय? त्याने उत्तर दिलं, मी ऐकलं. मनोऱ्याने उतरवूनही घेतलं."

मास्तरीण त्या पट्टीकडे बघत राहिली. काय राहिलं होतं, ते तिला सांगता येईना. पण काहीतरी राहिलं होतं खास. पट्टी सरळ करायला बोट म्हणून उचलेना. तेवढ्यात कानात एका नव्या वैमानिकाने हाक दिली. मग पुन्हा दिली. हेडसेट मास्तरणीच्याही कानावर होता, पण तिच्यापर्यंत काही पोचलं नाही. तिसऱ्या हाकेला चिमणीने आपलं बटण दाबलं आणि स्वतः उत्तर दिलं.

मागच्याने बटण दाबलं की परीक्षा संपली. हाही मास्तरणीचाच धडा.

बाहेर पाण्याच्या यंत्रापाशी चिमणी हमसून हमसून रडली. "बाई, मला दाबावं लागलं हो."

"बरोबर केलंस. तू दाबलं नसतंस तर मी तुला नापास केलं असतं."

"असं नका ना बोलू! एकदा ओरडा तरी माझ्यावर!"

मास्तरणीला ओरडावंसंही वाटलं नाही. तिने पेला भरून चिमणीच्या हातात दिला.

"परवा एकदा बसवते तुम्हाला," चिमणी नाक पुसत म्हणाली. "त्यानंतर माझ्या हातात काही नाही."

घरी आली तेव्हा संध्याकाळ झाली होती. सासूबाई स्टुलाचा आधार घेऊन भिंतीवरचा लेकाचा फोटो सरळ करत होत्या.

"हा फोटो वाकडा कसा होतो गं रोज? मेला जिवंतपणी कधी सरळ उभा राहिला नाही, आता फोटोतही तेच!"

मास्तरणीने पर्स ठेवली, पुढे झाली आणि फोटोचा कोपरा बोटाने खाली ओढला. फोटो तिरका झाला. सासूबाई बघतच राहिल्या.

"म्हणजे तू करतेस होय! का गं बाई?"

"राहिलंय काहीतरी."

"काय?"

दिवसात दुसऱ्यांदा तोच प्रश्न. मास्तरणीचं तोंड उघडलं आणि शब्द आपोआप बाहेर आले. "मी त्यांना सांगितलं होतं. निघताना. स्वयंपाकघरातून ओरडले, पोचलात की फोन करा. त्यांनी उत्तरच दिलं नाही, आई. दार लागल्याचा आवाज आला, बस."

"उत्तर दिलं नाही? दिलं की!"

मास्तरीण फोटो सोडून त्यांच्याकडे वळली.

"मी इथेच बसले होते, या खुर्चीत. तो दारात बूट चढवत होता. तुझा नळ धो धो चालू, तुला काय ऐकू येणार कप्पाळ?"

"काय म्हणाले? शब्दान् शब्द सांगा. जसंच्या तसं."

सासूबाईंनी डोळे मिटले. "म्हणाला, 'पोचलो की करतो फोन. आधी तो नळ बंद कर.'" मग त्या खाली बसल्या. "पोचलाच नाही गं माझा पोरगा. पोचला असता तर केला असता."

"पोचलो की करतो फोन," मास्तरीण म्हणाली. "आधी तो नळ बंद कर." नळापर्यंत येईतो तिचा आवाज फुटला. ती सासूबाईंच्या गुडघ्यांशी बसली आणि इतक्या मोठ्याने रडली, की शेजारीण दारात येऊन उभी राहिली. सासूबाईंनी तिला हातानेच परत पाठवलं आणि सुनेच्या डोक्यावर हात ठेवून स्वतःही रडल्या.

पुष्कळ वेळाने मास्तरीण उठली. नाक पुसलं, दोन्ही हातांनी फोटो धरला आणि सरळ केला.

"आता राहील ना सरळ?" सासूबाईंनी विचारलं.

"राहील सरळ," ती म्हणाली.