दिवा होता होता राहिलेला कॅमेरा

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. पण नीट ऐका, मी अजूनही कॅमेराच आहे. थोडक्यात वाचलो, नाहीतर आज मी तुमच्याशी टेबलावरचा दिवा म्हणून बोलत असतो. पोटात बल्ब, डोक्यावर टोपी आणि शेपटीला वायर! ज्या डोळ्याने जन्मभर उजेड आत घेतला, त्याच डोळ्यातून तो बाहेर ओकायचा, म्हणजे काय सांगावं! पण मी लग्नाआधीच वरात काढतोय. पाळण्यापासून सुरुवात करतो.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक बाकावर झाला. कुणी माझं भिंग पुसलं, कुणी माझ्या पोटातली दातेरी चाकं जुळवली, आणि शेवटी चष्मा लावलेल्या एका बाईने मला कानाशी धरून खटका दाबला. टक! "बोलतोय छान," असं म्हणून तिने मला डब्यात घातलं. तुम्ही रडत जन्माला आलात, मी 'टक' म्हणत आलो.

डब्यातून निघालो तो थेट मावशीच्या हातात. मावशीचा स्टुडिओ रस्त्याच्या वळणावर, न्हाव्याच्या दुकानाला लागून होता. लोक तिकडे दाढी करत आणि गाल ओले असतानाच इकडे येत. आत एक स्टूल, एक निळा पडदा आणि एक आरसा. त्या आरशापुढे बायकांपेक्षा पुरुषच जास्त वेळ काढत. अख्खी गल्ली तिला मावशी म्हणे, तिच्याहून म्हातारी माणसंसुद्धा.

मावशीची फोटो काढायची एक रीत होती. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की श्वास रोखायचं. मान ताठ, डोळे वटारलेले. जणू समोर कॅमेरा नाही, फौजदार उभा आहे. मावशी खटका दाबायची. टक! मग अंगठ्याने माझा लिव्हर ओढायची. फिल्म पुढे सरकवणारा तो छोटासा दांडा 'कर्रर्र' असा ओरडायचा. तो आवाज ऐकला की गिऱ्हाइकाला वाटायचं, सुटलो बाबा! खांदे खाली यायचे, ओठांवर हसू यायचं, आणि नेमकं तेव्हाच मावशी दुसऱ्यांदा खटका दाबायची.

"पहिला फोटो कपड्यांचा, दुसरा माणसाचा," असं ती म्हणायची. गिऱ्हाइकाच्या हाती नेहमी दुसराच पडायचा.

"मावशी, मी एवढा बरा दिसतो?"

"मग! मी पदरचं काही घातलं नाही हो त्यात."

मागच्या अंधाऱ्या खोलीत ती फोटो धुवायची. कोरा कागद पाण्यात हलायचा, आणि ती आपल्याशीच गुणगुणायची:

*पाण्यात कागद, कागदात सावली,*
*सावलीत हसली कुणाची माउली.*

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते. सुख सरताना मात्र सांगून सरत नाही. आधी फिल्म मिळेनाशी झाली, मग फोटो धुवायची औषधं. एके दिवशी मी कपाटात गेलो आणि कापूर, जुन्या शाली आणि एक फुटका थर्मास यांच्या संगतीत राहू लागलो.

मावशीच्या लेकाने तिला नवा डिजिटल कॅमेरा आणून दिला. देखणा होता, हुशार होता, पण मुका. मावशी फोटो काढायची आणि समोरचा माणूस ताठच्या ताठ बसून विचारायचा, "झाला?" "झाला." "कधी?" आणि तोवर त्याच्या कपाळावर आठ्या पडलेल्या असायच्या. मावशीच्या हातून सगळे पहिलेच फोटो निघू लागले. शेवटी तिने स्टुडिओला कुलूप लावलं आणि "डोळे थकले आता," असं सांगू लागली. खोटं! ती सुईत दोरा एका दमात ओवायची. आपल्या हातून फोटो का निघत नाहीत, ते तिचं तिलाच उमगत नव्हतं. मला उमगत होतं, पण कपाटातून ओरडणार कसं?

आता काकांबद्दल सांगतो. काका म्हणजे मावशीचे यजमान, धंद्याने सुतार, मनाने लोणी. पण त्यांना एक खूळ होतं. हातात येईल त्याचा ते दिवा करायचे. किटलीचा दिवा, तुतारीचा दिवा, मोडक्या शिलाई मशीनचा दिवा. गल्ली त्यांना दिवेकाका म्हणे. बायको गप्प गप्प असते हे त्यांना दिसत होतं. तिला खूश करावं म्हणून त्यांनी मला कपाटातून काढलं आणि माझ्या पाठीवर पेन्सिलीने एक गोल काढला. तिथे भोक पडणार होतं.

तेवढ्यात मावशीची भाची आली. ही पोरगी कानाची यंत्रं दुरुस्त करते. बोटाच्या पेरावर मावेल एवढ्या यंत्राला ती डॉक्टरासारखी तपासते.

"काका, हे काय? थांबा! याचा आपण डिजिटल करू."

"अगं, दिवा तरी रोज कामाला येईल."

"आणि कॅमेरा असून याने नुसता उजेड पाडत बसायचं?"

काका हसले. "बरं. दिव्याचा लाकडी पाय तयार आहे. त्यावरचं पॉलिश वाळेपर्यंत तुझी मुदत. पण माझं पॉलिश लवकर वाळतं हां!"

भाचीने मला उघडलं. जिथे फिल्म ताणून बसायची, तिथे तिला सेन्सर बसवायचा होता, म्हणजे उजेड टिपणारी एक चकचकीत टिकली. पण त्यासाठी माझ्या आतल्या पट्ट्या कानसीने घासाव्या लागणार होत्या.

"मावशी, एकदा घासलं की यात फिल्म परत कधीच बसणार नाही," ती म्हणाली. "विचार कर."

मावशीने मला ओंजळीत घेतलं. माझ्या कडांवरून बोट फिरवलं. "फिल्म येणारच नाही, तर तिच्यासाठी पाट मांडून किती बसायचं?" ती म्हणाली. "घास."

दुखलं का म्हणाल, तर दुखलं. पण कान टोचतानाही दुखतंच की.

पहिल्यांदा भाचीने एका मोडक्या मोबाईलचा सेन्सर बसवला. मोठ्या थाटात काकांचा फोटो काढला आणि कॉम्प्युटरवर लावला. फोटोत होतं काय? काकांचं नाक. नुसतं नाक! सेन्सर इवलासा, त्यामुळे माझ्या डोळ्यात मावलेलं माझ्या पोटात मावेना.

"नाक चांगलं आलंय," काका म्हणाले. "पॉलिशही वाळत आलंय."

तेव्हा मावशी उठली आणि लेकाने दिलेला तो मुका कॅमेरा घेऊन आली. "याचा सेन्सर मोठा आहे ना? घे यातला."

"दादाला काय सांगशील?"

"सांगेन, तुझी भेट आत्ता कुठे माझ्या हातात बसली."

असा आम्हा दोघांचा संसार एका घरात थाटला गेला. सेन्सर त्याचा, भिंग माझं. या वेळी फोटो इतका स्वच्छ आला की काकांच्या मिशीतला भुसाही दिसला. भाची नाचली. मावशीच्या हातात मला देऊन म्हणाली, "आता तू काढ!"

मावशीने मला डोळ्याला लावलं. काका स्टुलावर बसले, ताठ. मावशीने खटका दाबला. तिचा अंगठा लिव्हर शोधत पुढे गेला आणि थबकला. लिव्हर नव्हता! त्या जागी पितळेची एक सुबक टोपी बसवलेली होती.

"काढून टाकला तो," भाची कौतुकाने म्हणाली. "फिल्मच नाही, तर सरकवायचं काय? उगाच खरखर. शटरही आता आवाज करत नाही."

तिचंही चुकलं नाही हो. दिवसभर लोकांच्या कानांतली खरखर काढायची हाच तिचा धंदा. जिथे आवाज दिसला, तिथे तिचा चिमटा पोचायचाच.

मावशीने मला हळूच टेबलावर ठेवलं. "छान झालाय," ती म्हणाली. "तूच काढत जा आता." आणि ती खिडकीकडे वळली.

मित्रांनो, दिवा झालो असतो तरी चाललं असतं, पण तिचा आवाज असा पडलेला मला ऐकवत नव्हता.

तेवढ्यात स्टुलावरून काकांचा घुसमटलेला आवाज आला. ते अजून तसेच ताठ बसले होते, चेहरा लालबुंद.

"अहो, उठा की!" मावशी म्हणाली.

"उठू कसा? कर्र कुठे झालं? लग्नापासून तुझ्यापुढे बसतोय मी. कर्र झाल्याशिवाय माणसाने श्वास सोडायचा कसा?"

मावशी गर्रकन वळली. आधी काकांकडे बघितलं, मग पितळेच्या टोपीकडे, मग आपल्या अंगठ्याकडे. आणि ती हसायला लागली. इतकी की तिला खुर्चीचा आधार घ्यावा लागला.

"अगं बाई! डोळे कुठले थकायला? मला तो कर्र पाहिजे!"

भाचीने कपाळावर हात मारला आणि लगेच कामाला लागली. टोपी निघाली, लिव्हर परत बसला, शटरची 'टक'ही परत आली. आता तो ओढला की शटर सज्ज होतं आणि सेन्सर जागा होतो. इतके दिवस मुका झालेल्या मला माझा आवाज परत मिळाला.

मावशीने खटका दाबला. टक! लिव्हर ओढला. कर्रर्र! काकांनी हुश्श केलं. "पण एक सांगतो, तो लाकडी पाय मी एवढा सुंदर..." असं म्हणत आपल्याच खुळावर ते खो खो हसले. टक!

तो फोटो आता स्टुडिओच्या काचेत लावलाय. हो, कुलूप निघालं! न्हावीदादा तर म्हणतात, मावशीमुळे त्यांच्याकडच्या दाढ्या वाढल्या. म्हणजे दाढीची गिऱ्हाइकं.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू टाकू नका एवढंच मी म्हणत नाही. तिला जरूर नवं करा. कानस चालवा, पट्ट्या घासा, आम्ही सोसू. फक्त तिच्यातलं काही 'उगाच' म्हणून फेकण्याआधी, ज्या हातात ती वाढली त्या हाताला एकदा विचारा. तुम्हाला जी खरखर वाटते, ती कुणाच्या तरी कामाची लय असते.

बरं, निघतो आता. गल्लीतले शिंपीमामा तीन पिढ्या घेऊन दारात उभे आहेत. सगळ्यात धाकटीने बूट उलटे घातलेत, आणि मावशी तिला म्हणतेय, "राहू दे गं, तसेच छान दिसतात."