मोतीबिंदूचे उरलेले थेंब

हडपसरच्या वर्कशॉपात ग्राइंडिंग करताना दशरथच्या डाव्या डोळ्यात कण उडाला. तिथं डोळ्यात काही गेलं की दवाखान्यात जायची पद्धतच नव्हती, बापूरावांपुढं जाऊन उभं राहायचं. बापूराव सगळ्यात जुने कारागीर. रुमालाचं टोक जिभेवर ओलं करायचे, पीळ द्यायचे आणि कण अलगद टिपून घ्यायचे. दशरथचाही टिपला. दुसऱ्या दिवशी डोळा लालभडक झाला, तर बापूरावांनी आपल्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनानंतर उरलेले थेंबही देऊन टाकले.

तीन दिवसांत लाली उतरली. दशरथ खूश. त्याच्या बायकोला, दीपालीला, मात्र चैन पडेना. बरा झालाय तर हा उजेडाकडं पाठ करून का जेवतो? पाणी का थांबत नाही?

चौथ्या दिवशी सकाळी तिनं त्याची हनुवटी धरून तोंड दाराच्या उन्हाकडं वळवलं. काळ्या बुबुळावर पांढरा ठिपका. तांदळाच्या कणीएवढा. काल तो नव्हता.

"आधी डोळ्यांच्या दवाखान्यात चला."

"बापूराव म्हणालेत, दोन दिवसांत खडखडीत."

"बापूरावांचे दोन्ही शाबूत आहेत, त्यांचं काय जातंय?"

तो चिडला, डबा उचलून निघाला. तिनं मागून त्याच्या उजव्या डोळ्यावर तळहात दाबला आणि त्याला कॅलेंडरसमोर उभं केलं. तारीख वाचा म्हणाली. बोटाएवढे लाल आकडे, तरी डाव्या डोळ्यानं दिसेनात. मग डबा खाली ठेवला आणि चपला घातल्या.

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात पिवळा रंग सोडून निळ्या उजेडात पाहिलं. कुठले थेंब घातले, विचारलं. दशरथ म्हणाला, काही नाही. बापूरावांनीच त्याला कामाला लावलं होतं, त्यांचं नाव कसं घेणार? दीपालीनं पर्समधून बाटली काढून टेबलावर ठेवली.

"हे स्टेरॉइड आहे," बाई म्हणाल्या. "ऑपरेशननंतर देतात. जखमेत जंतू असताना घातलं की वरून लाली जाते, आतून जखम पसरते."

"डोळा जाईल का?"

"आज आलात, म्हणून वाचवायला जागा आहे. आठवड्यानं आला असतात तर मीच हात टेकले असते."

जखम खरवडून नमुना तपासायला दिला. नवे थेंब दर तासाला, झोपेतून उठवूनसुद्धा. दीपालीनं मोबाईलला चोवीस गजर लावले.

तिसऱ्या आठवड्यात बापूराव घरी आले. तेव्हाच दीपालीनं पुन्हा दशरथला कॅलेंडरसमोर उभं करून उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला.

"तारीख?"

"एकोणीस."

"खालची बारीक अक्षरातली तिथी?"

दशरथनं मान पुढं नेऊन डोळा बारीक केला. बापूरावांनी सवयीनं खिशातून रुमाल काढला होता, तो तसाच मुठीत राहिला.

"नाही दिसत," दशरथ म्हणाला.

गजर वाजला. दीपालीनं बाटली घेतली आणि त्याला मान वर करायला सांगितली.