परत न आलेलं पुस्तक

परभणीत थंडी पडली की माझ्या अंगात लेखिका संचारते. टीव्हीवर 'परभणी गारठली' सुरू झालं की मी पांघरूण गुंडाळून बाजेवर बसते आणि ब्लॉगवर लिहिते. वाफाळता चहा, तव्यावरचा हुरडा, मांडीवर पुस्तक, खिडकीत कोवळं ऊन, असलं सगळं. खरं बघायला गेलं तर कप सकाळपासून विसळलेला नसतो, हुरडा शेजारणीनं दिलेला असतो, आणि पुस्तकाची वीस पानंही झालेली नसतात. पण हे वाचणाऱ्याला कोण सांगायला जातंय! दिवसभर कचेरीत टपालावर शिक्के मारणारी मी, संध्याकाळी ब्लॉगवर 'नीलमताई, काय सुंदर लिहिता हो' झालेली असते. माणसाला तेवढं पुरतं. मला जरा जास्तच पुरलं.

यंदा डिसेंबरच्या सुरुवातीला मी एक लेख टाकला. 'पुस्तकं परत न करणारी माणसं' असं त्याचं नाव. मला रागच तसा आला होता. माझ्या अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, एका सहा डिसेंबरला दादरहून आणलेलं आत्मचरित्र होतं. पहिल्या पानावर त्यांची सही. अण्णा गेल्यापासून ते पुस्तक मी कुणाला हात लावू देत नव्हते. फक्त सटवाजी काकांना दिलं, कारण ते अण्णांचे जिवाभावाचे दोस्त. गेल्या हिवाळ्यात ते आपल्या गावी, पेडगावला, घेऊन गेले. त्यानंतर पुस्तकाचा पत्ता नाही. दिवाळीनंतर मी फोन केला, "काका, ते पुस्तक झालं का वाचून?" तर ते म्हणाले, "दिलं की गं तुझ्या घरी, कवाच!"

मला वाटलं, बघा म्हातारा किती सफाईनं थाप मारायलाय.

आता, घरी दिलं म्हणतात तर घरात माझ्याशिवाय फक्त आई. ती तेव्हा बोरीला भावाकडं राहायला गेली होती. तिला एक फोन केला असता तर गोष्ट तिथंच मिटली असती. पण फोन कोण करतो? मी लेख लिहिला. उचलली जीभ, लावली टाळ्याला. काकांचं नाव घातलं नाही, एवढं सौजन्य दाखवलं. बाकी सगळं घातलं. वडिलांचे स्नेही, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, गावच्या विहारातली पुस्तकांची कपाटं सांभाळणारे, दुसऱ्यांकडून पुस्तकं वेळेवर वसूल करणारे आणि स्वतः मात्र थंडपणे 'दिलं की' म्हणणारे. शेवटी एक झणझणीत वाक्य टाकलं, की पुस्तक ढापणारा माणूस पुस्तकासोबत आठवणही ढापतो. त्या वाक्यावर मी स्वतःच लय खूश होते.

लेख धो धो चालला. व्हॉट्सअ‍ॅपवर गावोगाव फिरला. मानवतहून, जिंतूरहून ओळखीचे-बिनओळखीचे लोक आपापली हरवलेली पुस्तकं घेऊन माझ्या दारात रडायला आले, म्हणजे कॉमेंटमध्ये. पेडगावच्या ग्रुपवर तर एकानं सरळ लिहिलं, 'कंडक्टर साहेब, तिकीट काढा!' आणि खाली हसण्याची रांग. मी ते वाचून हसले. हो, हसले. लपवून काय करू?

काका माझ्याशी भांडायला आले नाहीत. फोन आला तो त्यांच्या मुलाचा, धम्मानंदचा. मानवतच्या शाळेत मास्तर आहे, शांत माणूस. मला वाटलं, आता हा बोलणार. तर तो उलट माफी मागायला लागला.

"ताई, बाबांकडून चूक झाली. तुमी मनावर घेऊ नका. घरातलं सगळं उपसून बगायलेत ते. पेटी, माळा, विहाराची दोन्ही कपाटं. जेवता जेवता उठून जायलेत. आधी म्हणत होते मी दिलं, मी दिलं. आता म्हणायलेत, मला काय आठवंना बाबा."

"जाऊ दे रे," मी म्हणाले. माझ्या आवाजात काय तो मोठेपणा!

"न्हाई ताई, बरं झालं तुमी लिहिलं. आमच्या ध्यानातच आलं नसतं. आज्याचं असंच झालं होतं, शेवटी घरच्यांना ओळखंनासा झाला. विहाराच्या चाव्या मी काढून घेतल्या. गाडी पण चालवू देत न्हाई आता. डॉक्टरला दाखवतो."

फोन ठेवला. सटवाजी काकांची सगळी ऐट त्यांच्या याददाश्तीची होती. भरल्या गाडीत कोण कुठं बसलं, कोण कुठं उतरणार, कुणाचे सुट्टे द्यायचे राहिले, हे कागदावर न टिपता त्यांच्या डोक्यात असायचं. अण्णा म्हणायचे, सटवाजी एकदा ज्याला बघेल त्याला मेल्यावरही ओळखेल. आणि त्या माणसाकडून पोरानं चाव्या काढून घेतल्या. पण मी मनाची समजूत घातली, की वय झालं की होतं असं. माझा काय दोष? मी तर फक्त लिहिलं.

मग डिसेंबर संपता संपता ती हाडं फोडणारी थंडी आली. आई बोरीहून परत आली आणि आल्या आल्या म्हणाली, "ह्या चादरीनं काय व्हतंय? वाकळ काढ की माझी, गाठोड्यातली."

आमच्याकडं होळी झाली की जाड पांघरुणं धुऊन, वाळवून, जुन्या लुगड्यात बांधून माळ्यावर टाकतात. रोजच्या गोधड्यांचं गाठोडं दिवाळीलाच खाली येतं, पण आजीच्या हातची ती जड वाकळ असलेलं दुसरं गाठोडं काढायचं म्हणजे थंडीही तशीच लागते. मी गाठोडं गच्चीवर नेलं. ऊन छान होतं. मनात लेखाची पहिली ओळपण जुळवायला लागले होते, आजीच्या वाकळीची ऊब वगैरे. गाठ सोडली, वरची गोधडी उचलली, आणि वाकळीच्या घडीवर ते पुस्तक.

मी तिथंच खाली बसले.

पहिलं पान उघडलं. अण्णांची सही. बंद केलं, परत उघडलं. सही होतीच. खालून आईनं हाक मारली, "मेलीस का काय वर?" मेले असते तर बरं झालं असतं.

मी पुस्तक तिच्यापुढं धरलं. ती सहज म्हणाली, "हे व्हय? सटवाजी भावजींनी आणून दिलं व्हतं की. होळीच्या येळेला. गाडीची घाई व्हती त्यांना, चहा पण घेतला न्हाई. मी वाकळीवर ठिवलं आन् तुला सांगितलं."

"मला कधी सांगितलंस?"

"तवाच. तू कानात ते बुचं घालून बसली व्हतीस. 'हं' म्हणालीस की."

म्हणाले असेन. मला आठवतंय मी काय ऐकत होते ते. वाचनसंस्कृती कशी जपावी यावरची कुणाची तरी मुलाखत. आणि दुसऱ्या दिवशी ती मुलाखत पुढं ऐकत ऐकतच मी गोधड्या एकावर एक टाकून गाठ मारली होती. मीच.

आईला लेखाचं काहीच ठाऊक नव्हतं. सांगितलं. ती ऐकत गेली तसं तिचं तोंड बारीक होत गेलं. "काखेत कळसा अन् गावाला वळसा," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "पण वळसा घालताना तू त्या माणसाला फरफटत नेलंस गं. जा, आत्ताच्या आत्ता पेडगावला जा."

मी गेले नाही. इथं माझी खरी लायकी कळते. मी लॅपटॉप उघडला आणि 'क्षमस्व' असा लेख लिहायला बसले. पहिल्या खर्ड्यात वाकळीच्या उबेबद्दल एक अख्खा परिच्छेद होता. वाचून माझी मलाच शिसारी आली. पुसला. दुसरा लिहिला, त्यात 'गैरसमज' हा शब्द इतक्या वेळा आला की वाटावं चूक गैरसमजानंच केली, मी नुसती बघत होते. तोही पुसला. मनात सारखा हिशेब, लोक काय म्हणतील, परत कोण माझं वाचील. एकदा तर असंही वाटलं, की सांगितलंच नाही तर? पुस्तक मी फडताळात मागच्या रांगेत सरकवून ठेवलं. रोज मी कचेरीत जाताना आई विचारायची, "सांगितलंस का?" आणि मी चपला शोधायच्या निमित्तानं खाली बघायचे.

शनिवारी मला सुट्टी होती. सकाळी दार वाजलं. कानाला मफलर गुंडाळून सटवाजी काका उभे. एसटीनं आले होते. एवढ्या दिवसांत माणूस किती वाळला होता! चालताना भिंतीला हात लावायलेत.

"जय भीम, बाई," ते म्हणाले. मला नीलम म्हणाले नाहीत.

आईनं पाणी दिलं. त्यांनी पिशवीतून एक पुडकं काढलं आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरलं. तेच आत्मचरित्र. नवं कोरं.

"नागपूरहून मागवलं. इथं कुठं मिळालं न्हाई," काका म्हणाले. "अण्णाची सही न्हाई त्यात. ती मी कुठून आणू? तेवढी माफी कर."

मला रडूही येईना. लाज एवढी जड असते हे मला ठाऊक नव्हतं. मान वर होईना.

"मला लय दिवस वाटत होतं मी दिलं म्हणून," ते सांगत राहिले. "वहिनींच्या हातात दिलं, असं डोळ्यापुढं दिसायचं. पण तू एवढी शिकलेली पोरगी. तू लिहिलं म्हणजे विचार करूनच लिहिलं असशील. मग म्हटलं, आपल्याच डोक्याचा भरवसा न्हाई राहिला."

"भावजी," आई म्हणाली, "मलाच दिलं तुमी."

मी उठले. फडताळातली पुढची पुस्तकं बाजूला केली, मागचं काढलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. सगळं सांगितलं. वाकळ, गाठोडं, कानातली बुचं. आणि सापडून आठवडा झाला तरी गप्प बसले, हेही सांगितलं. मला वाटलं शिव्या देतील. द्यायला पाहिजे होत्या. मी तर वाटच बघत होते.

काका हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी. "म्हणजे मी दिलं होतं! वहिनी, मी दिलं होतं! हे बगा, हे कव्हर. कॅलेंडरचं फेब्रुवारीचं पान फाडून मीच घातलं, घरी डिंक नव्हता म्हणून भातानं चिकटवलं. बगा, सगळं याद हाय मला!" त्यांनी माझा हात धरला. "लय उपकार केलेस पोरी. लय उपकार."

उपकार! जमीन दुभंगती तर मी आत गेले असते.

"धम्मानंदला सांग," ते म्हणाले. "आत्ता लाव फोन. तुझ्या तोंडून ऐकू दे त्याला."

मी फोन लावला आणि त्यांना ऐकू यावं म्हणून मोठ्या आवाजावर ठेवला. धम्मानंदची सकाळची शाळा होती, मागं पोरांचा गलका ऐकू येत होता. मी भडाभडा सांगून टाकलं. पुस्तक सापडलं, माझ्याच घरी होतं, काकांनी ते वेळेवर दिलं होतं, चूक सगळी माझी.

त्यानं आधी पोरांना गप्प बसायला सांगितलं. मग म्हणाला, "ताई, तुमचं मन लय मोठं हाय."

"अरे, मोठं कसलं? खरंच सांगायलेय मी."

"मला कळतंय ताई. ते नवं पुस्तक घेऊन आलेत तुमच्याकडं, त्यांचं तोंड बघून तुमाला वाईट वाटलं. पण असं म्हणून त्यांना भरीला घालू नका. उद्या परत चाव्या मागतील. मोठ्या मिनतवारीनं डॉक्टरकडं यायला तयार झालेत."

"धम्मानंद, जुनं पुस्तक आहे, अण्णांच्या सहीचं. फोटो पाठवते."

"पाठवा की," तो म्हणाला, तापलेल्या पोराची समजूत काढावी तसा. "वर्ग सुटला की बगतो. त्यांना नीट गाडीत बसवून द्या तेवढं, एकटे जायला लागले तर चुकतील." आणि फोन ठेवला.

मी फोटो काढायला लागले, पण एकही धड येईना. काकांचं हसू अजून चेहऱ्यावरच होतं, फक्त त्यात काही उरलं नव्हतं. ते पुस्तकाच्या कव्हरवरून बोट फिरवत होते, भातानं चिकटवलेल्या कडेवरून, परत परत.

"नीलम," ते हळूच म्हणाले, "हे कव्हर मीच घातलंय ना गं?"

"तुमीच घातलंय काका," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. आणि मग आईकडं बघितलं, ती काय म्हणते ते ऐकायला.